शिंक आली की स्ट्रिप काढायची

आमच्याकडे कुणी शिंकलं की सगळ्यांची नजर आधी धाकट्याकडे जाते. घरात नेफ्रोटिक सिंड्रोमवालं (किडनीतून लघवीत प्रोटीन गळण्याचा आजार असलेलं) मूल असलं की हे असंच होतं. निम्म्याच्या आसपास रिलॅप्स (आजार पुन्हा उलटणं) साध्या व्हायरल सर्दी-खोकल्यानंतर येतात, म्हणजे व्हायरस थेट किडनीत घुसतो असं नाही, पण त्याच्याशी लढायला इम्युनिटी जागी होते आणि त्या गडबडीत किडनीची गाळणी सैल पडते, मग प्रोटीन चाललं लघवीतून.

परवा नाक वाहायला लागलं, रात्री ताप. सकाळची पहिली लघवी घेतली, प्रोटीन तपासायची स्ट्रिप बुडवली, एक मिनिट थांबायचं असतं पण पिवळा चौकोन आधीच हिरवा व्हायला लागला होता. बाटलीवरच्या रंगांशी लावून बघितलं, 3+, म्हणजे बरंच प्रोटीन. मी तडक स्टेरॉईडच्या गोळ्यांचा डबा काढला तर नवरा म्हणाला, थांब, आधी डायरी बघ. मागच्या सर्दीचं पान निघालं: 3+, मग 2+, मग ट्रेस, म्हणजे अगदी किंचित. काही न करता उतरलेलं! तापात प्रोटीन तात्पुरतं वाढतं, सलग 3 दिवस 3+ आलं तरच तो रिलॅप्स, हे मला तोंडपाठ आहे हो, पण समोर हिरवा रंग दिसला की डोकं चालत नाही. सूज असेल तर मात्र थांबत बसू नका, डॉक्टरांना फोन.

सर्दी दिसली की 6 दिवस रोज थोडं स्टेरॉईड द्यायचं, असं पूर्वी बरेच डॉक्टर सांगायचे. ब्रिटनमध्ये प्रेडनॉस 2 नावाची मोठी ट्रायल झाली, त्यात गोळी घेणारी आणि खोटी गोळी घेणारी मुलं, दोन्हीकडे रिलॅप्स जवळपास सारखेच निघाले. तरी तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या मुलाला काही वेगळं सांगितलं असेल तर तेच करा, चालू डोस तर मनाने अजिबात बंद करू नका.

आणि कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर त्याच दिवशी कळवा, स्टेरॉईडवर असताना ते सर्दीसारखं साधं प्रकरण नसतं.

आमचं काय झालं? यावेळी उतरलं नाही. तिन्ही दिवस 3+, चौथ्या सकाळी डोळ्यांखाली सूज, फोन केला, स्टेरॉईडचा फुल डोस सुरू. आता भूक वाढलीये, चिडचिड वाढलीये, रात्री 2 वाजता खायला मागतो. आज सकाळी पहिल्यांदा ट्रेस आलं. अजून दोन सकाळी अशाच हव्यात.