दोन मशीन, एक कीबोर्ड आणि एक काना

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवून छपाईला तयार करायचं, काम चालतं. टेबल अडीच फुटांचं आणि मशीन दोन. जुन्यावर विंडोज एक्सपी, पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं पॅकेज. पेजमेकर ७ आलं २००१ साली, पुढची आवृत्ती निघालीच नाही. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, म्हणून त्या मशीनला मी इंटरनेट दाखवतच नाही. भाचा म्हणतो, टाकून दे. पण इतक्या वर्षांच्या फायली त्यात आहेत, आणि गिऱ्हाइकांना सगळं 'मागच्या वर्षीसारखंच' हवं असतं. मेल आणि युनिकोडचं, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांचं, काम नव्या मशीनवर.

दोन कीबोर्ड टेबलावर मावेनात, एक मांडीवर घ्यावा लागे. म्हणून केव्हीएम स्विच आणला. पानाच्या डब्याएवढा बॉक्स. कीबोर्ड, मॉनिटर, माउस त्याला जोडायचे आणि त्यातून दोन्ही मशीनकडे वायरी न्यायच्या. स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की पडदा बदलतो. मॉनिटर नव्याकडे असताना जुनं चालू केलं, तर त्याला मॉनिटरची ओळख पटत नाही आणि पडद्यावर ही मोठाली अक्षरं येतात, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. बाकी सुख होतं.

तो दिवस दिवाळी अंकाचा. १७६ पानं, म्हणजे १६ पानांचे ११ फॉर्म, आणि रात्री आठला पीडीएफ प्रेसला जायलाच हवी होती. सकाळी संपादककाका यायच्या आधी मला झाडलोटीची हुक्की आली. फॉन्ट पॅकेजचं लॉक, म्हणजे ते विकत घेतल्याची खूण म्हणून मशीनला लावायचा पेनड्राइव्हसारखा यूएसबी डोंगल, जुन्या मशीनच्या मागे धुळीत लोंबकळत असायचा. बॉक्सला पुढे एक जादा यूएसबी होतं, त्यात तो लावला. सगळं कसं समोर, नीटनेटकं. दोन तास काम झकास चाललं.

अकराला काका आले आणि दुरुस्त्यांचे मेल सुरू झाले. मी नव्या मशीनवर गेले, मेल वाचला, परत आले, टाइप करायला लागले, तर पानावर नुसता कचरा. अर्धा श, दोन वेलांट्या, मग एक रफार हवेत. आधीचा मजकूर जसाच्या तसा. नवीन टाइप केलेलंच बिघडत होतं. मशीन बंद करून चालू केलं, सगळं ठीक. अर्ध्या तासानं पुढचा मेल. परत कचरा.

"व्हायरस असेल, ताई," काका म्हणाले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांना व्हायरस किंवा नगरपालिका जबाबदार असते.

"काका, त्या मशीनला नेटच नाही. व्हायरस येईल कुठून?"

कीबोर्ड बदलून पाहिला. फॉन्ट पुन्हा टाकले. दीडपर्यंत जुनं मशीन पाच वेळा बंद-चालू झालं होतं आणि दर वेळी सहा-सात मिनिटं गेली होती. काकांना तिसराच प्रश्न पडला होता. "बटणं तर दोघांना एकच आहेत ना? मग मेलमधलं तिकडं कॉपी करा आणि इकडं चिकटवा की." त्यांना समजावलं, की कॉपी केलेलं त्या त्या मशीनच्या पोटात राहतं, बॉक्सला त्यातलं काही कळत नाही. पेनड्राइव्हनं आणलं तरी युनिकोडचं या फॉन्टमध्ये बदलून घ्यावं लागतं. दोन शब्दांच्या दुरुस्तीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? मी ओळ डोळ्यांत धरते, बटण दाबते आणि इकडे उतरवते.

शेवटी आमच्या हार्डवेअरवाल्या मुलाला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "ताई, लॉक कुठं लावलंय?"

मी बॉक्सकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बॉक्सवरचं जादा यूएसबीसुद्धा कीबोर्डाबरोबरच इकडून तिकडे जातं. मी मेल बघायला गेले की लॉकही माझ्यामागून नव्या मशीनवर. जुन्याच्या लेखी ते उपटलेलं. या जुन्या फॉन्टांत अक्षर असं नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले तुकडे असतात, आणि कुठल्या बटणाला कुठला तुकडा जोडायचा ते पॅकेज ठरवतं. लॉक गेलं की पॅकेज गप्प. मग मी मराठी म्हणून बडवलेली बटणं सरळ तुकडे ओतत राहतात. परत आल्यावर लॉक पुन्हा हजर व्हायचं, पण पॅकेज ते सुरू होतानाच तपासतं. म्हणून बंद-चालू केल्याशिवाय सुटका नव्हती.

लॉक पुन्हा मागे, धुळीत गेलं. एकदा तिकडे जाऊन आले, टाइप केलं, नीट उमटलं. काकांनी खिशातून श्रीखंडाची गोळी काढून दिली.

पण तोवर अडीच तास गेले होते. पुढच्या दुरुस्त्या मी पळत्या गाडीसारख्या घेतल्या. सव्वाआठला पीडीएफ पेनड्राइव्हवर घेत होते, आणि सवयीनं तो त्याच बॉक्सच्या यूएसबीत खोचलेला. काकांनी उत्साहानं बटणाकडे बोट नेलं. मी एवढ्या जोरात ओरडले, की वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी उघडली.

अंक आठवड्यात आला. चाळताना ११२व्या पानावर थांबले. कवयित्रीबाईंनी मेलवर कळवलं होतं, 'दार ओलांडून' नको, 'उंबरा ओलांडून' करा. मी ती ओळ डोळ्यांत धरून आणली होती. छापलंय 'उंबर ओलांडून'. काना बॉक्सनं गिळला की मी वाटेत सांडला, कोण जाणे. काकांच्या अजून लक्षात आलेलं नाही, आणि बाईंचा फोनही आलेला नाही.