गोल्डफिशच्या अंगावरचा कापूस : उपचाराची नोंद

पहिला दिवस. सकाळी खाद्य टाकताना गोल्डफिशच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पुंजका दिसला. बाजूने टॉर्च धरल्यावर त्यातले धागे पाण्यात सुटे हलताना दिसले, म्हणून हा सॅप्रोलेग्निया असावा असे ठरवले. आपण याला बुरशी म्हणत असलो, तरी शास्त्रीयदृष्ट्या तो खऱ्या बुरशीत मोडत नाही. उपचार करणाऱ्याला त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते कॉलम्नॅरिसशी गल्लत झाली तर. तो जिवाणूंचा रोग असून त्याचा करडा-पांढरा थर चपटा असतो, बहुधा तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा दिसतो आणि कोमट पाण्यात इतक्या झपाट्याने पसरतो की बुरशीचे औषध देत बसल्यास मासा हातचा जातो.

सॅप्रोलेग्निया धडधाकट त्वचेवर सहसा रुजत नाही, त्यामुळे आधी जखमेचे कारण शोधले. टाकीतल्या शोभेच्या वस्तूंवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवला, तेव्हा एका कमानीच्या आतल्या कडेला त्याचा धागा अडकला. कमान तत्काळ बाहेर काढली.

दुसरा दिवस. मासा 20 लिटरच्या वेगळ्या टबात हलवला. मेथिलीन ब्लू हे बुरशीवरचे औषध हाताशी होते. परंतु मुख्य टाकीतून आणलेल्या स्पंज फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू त्याने मरतात, म्हणून प्रथम मिठावरच भर दिला. लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे एकूण 60 ग्रॅम साधे मीठ तीन भागांत विरघळवून दीड दिवसात सोडले. (गोल्डफिशला हे सोसते, कॉरिडोराससारख्या माशांना ही मात्रा देऊ नये.)

तिसरा ते पाचवा दिवस. रोज 5 लिटर पाणी बदलले आणि दर वेळी फक्त 15 ग्रॅम मीठ घातले. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना मात्र मीठ घालायचे नसते, कारण ते पाण्याबरोबर उडून जात नाही. मागे एकदा हा हिशेब चुकल्याने खारटपणा नकळत वाढवून ठेवला होता. पाचव्या दिवशी पुंजका विरळ झाला.

सातवा दिवस. कापूस गळून पडला. खाली खवला नसलेली गुलाबी जागा दिसते आहे, लाली पसरलेली नाही.

बारावा दिवस. जखमेच्या कडेला काळसर छटा आली आहे. गोल्डफिशची जखम भरताना असे होते. ही नवी बुरशी नव्हे, म्हणून औषध न वाढवता उद्यापासून बिनमिठाच्या पाण्याने टबातले मीठ हळूहळू कमी करणार आहे.