फॉन्डंटवर वारली
वारलीसाठी गेरूच्या रंगाचं फॉन्डंट, म्हणजे केकवर चढवायचं साखरेचं मऊ आवरण, हवं. तपकिरीत थोडा लाल जेल रंग मळला की ते जमतं. केकवर चढवून रात्रभर उघडंच सुकू द्या. मऊ फॉन्डंटवर ब्रश टेकला की खळगा पडतो.

पांढरा जेल रंग पाण्यात कालवू नका. पाण्याने साखर विरघळते, वरचा थर चिकट होतो आणि रेघ पसरते. चार थेंब रंगाला दोन थेंब व्होडका पुरे. ती उडून जाते, रंग बसतो. लेमन एक्स्ट्रॅक्टही चालतं, पण त्यातही बहुधा अल्कोहोल असतं. खाणाऱ्यांना आधी विचारलेलं बरं.

तारपा नाचाचं, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणाऱ्या रांगेचं, वळण आधी टूथपिकने पुसट आखा. धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, त्याला 0 नंबरचा ब्रश, हातापायांना 000. रंगाचा पहिला हात फिकाच दिसतो. घाईने दुसरा दिलात तर खालचा रंग उचलून येतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबा. चुकलं तर व्होडकात भिजवून पिळलेल्या इअरबडने टिपा, घासू नका.

कोकणातल्या पावसाळ्यात मात्र सुकवायला पंख्याचा उपयोग नाही, एसीच लागतो. फ्रिजमधला केक खोक्यातच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला आणा, नाहीतर वर पाणी सुटून नाचणारे ओघळतात.