साखळीच्या बाजूचे आटे उलटे

चाळिशी उलटली आणि सिंहगडाच्या चढावर माझे गुडघे कुरकुरायला लागले. सायकलीचा तसा दोष नव्हता. वापरलेली घेतलेली, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची साधी रोड बाइक. पण तिला पुढे ५३ आणि ३९ दात्यांची चक्रं होती आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र २५ दात्यांचं. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरवरही पॅडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ सव्वातीन मीटर पुढे सरकणार. सपाटीवर मजा येते. गडाच्या वरच्या वळणांवर मात्र एकेक फेरा म्हणजे विहिरीतून कळशी ओढल्यासारखा.

मला वाटलं, पुढचं छोटं चक्र तेवढं बदलू. ३९ काढू, ३४ बसवू, संपलं. तसं होत नाही. माझ्या क्रँकवर, म्हणजे पॅडल ज्याला असतं त्या दांड्यावर, चक्रं पाच बोल्टांनी बसवलेली होती आणि ते बोल्ट १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर होते. त्या वर्तुळावर ३८ पेक्षा लहान चक्र बसतच नाही, कारण मग बोल्टांपाशी दात्यांना आणि साखळीला जागाच उरत नाही. ३४ हवं तर ११० मिलिमीटरचा क्रँक हवा. म्हणजे पूर्ण क्रँकसेटच, दांडे आणि चक्रं मिळून, नवा.

मग मी शिमानोचा ५०/३४ दात्यांचा, १७० मिलिमीटर लांबीचा क्रँकसेट मागवला. तो घरी आल्यावर लक्षात आलं की खरं काम क्रँकचं नाहीच, ते फ्रेमच्या पोटातल्या बेअरिंगचं आहे. जुना क्रँक चौकोनी टोकाच्या अ‍ॅक्सलवर बोल्टनं आवळून बसवलेला होता. नव्याचा अ‍ॅक्सल २४ मिलिमीटर जाडीचा, पोकळ आणि उजव्या क्रँकलाच जोडलेला. त्यासाठी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे तो बेअरिंगचा संच, वेगळा लागतो आणि तो कुठला, ते फ्रेम ठरवते. हे मी क्रँक मागवण्याआधी बघायला हवं होतं. नशिबानं निभावलं. व्हर्नियरनं शेलची, म्हणजे फ्रेममधल्या ज्या आडव्या नळीत तो बसतो तिची, रुंदी मोजली, ६८ मिलिमीटर भरली. आत आटे होते. म्हणजे इंग्लिश मापाचा, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. रुंदी ७० भरली असती तर इटालियन, आणि आटे नसते, रुंदी ८६.५ असती तर दाबून बसवायचा प्रकार. या तिघांतलं काहीच एकमेकांत चालत नाही.

रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि सायकल उलटी केली. बाबा चहाचा कप घेऊन स्टूल ओढून बसले. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे मी पाना हातात घेतला की त्यांना बघवतही नाही आणि उठवतही नाही.

क्रँक पुलरनं जुने दोन्ही क्रँक निघाले. पुलर आट्यात पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायचा, अर्धवट ठेवून जोर लावला तर क्रँकचे मऊ आटे सोलून निघतात, एवढं मला माहीत होतं. डाव्या बाजूची बेअरिंगची वाटीही थोडं कण्हून सुटली. उजवी, साखळीकडची, मात्र हलेना. पान्याच्या दांड्यावर जुना पाइप चढवला, गुडघा टेकवला, घाम काढला. पाव तास झाला.

बाबांनी कप खाली ठेवला. "अरे, टेबल फॅनचं पातं कसं काढतोस?"

"म्हणजे?"

"त्याची मधली टोपी सोडवायला कुठं फिरवतोस?"

टोपी उलटी फिरते, सोडवायला उजवीकडे. आणि मी पाव तास ती वाटी घट्ट करत होतो.

वाचलेलं होतं हो सगळं. इंग्लिश बॉटम ब्रॅकेटला साखळीच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मी एका कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. पण सायकल उलटी उभी, मी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि डावं-उजवं कधी डोक्यातून निसटलं कळलंच नाही. आता मी डावं-उजवं म्हणतच नाही. साखळीची बाजू म्हणतो. ती सायकल कशीही ठेवली तरी बदलत नाही.

बाबांच्या जुन्या काळ्या सायकलीलाही त्या बाजूची वाटी उलट्या आट्याचीच होती. दोन्हीकडे कारण एकच. मुठीत पेन्सिल सैलसर धरा आणि तिचं टोक गोल फिरवा, पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेनं वळते. अ‍ॅक्सल फिरत असताना वाटीवर तसाच रेटा बसतो आणि ती कणाकणानं अ‍ॅक्सलच्या उलट दिशेला सरकू बघते. साखळीच्या बाजूला सरळ आटे असते तर ती हळूहळू सुटत गेली असती. इटालियन मापात दोन्हीकडे सरळ आटे आहेत, आणि त्यांची उजवी वाटी सैल होण्याबद्दल बदनाम आहे.

योग्य दिशेला जोर लावल्यावर वाटी एक मोठा आवाज करून सुटली. तिच्यामागून चमचाभर गढूळ पाणी आलं, तीन पावसाळ्यांचं. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी तिथं साठत होतं आणि मला पत्ता नव्हता. आटे जुन्या टूथब्रशनं आणि रॉकेलनं घासले, फडक्यानं कोरडे केले, भरपूर ग्रीस लावलं. या कामाला अर्धा तास गेला आणि तो सगळ्यात सत्कारणी लागलेला अर्धा तास होता.

नव्या वाट्या आधी हातानं फिरवायच्या. तीन-चार फेरे बोटांनी सहज जायला हवेत. अडलं तर पाना लावायचा नाही, काढून पुन्हा सुरू करायचं. आटे तिरके बसले तर फ्रेम जाते. इथपर्यंत ठीक गेलं. मग मित्राकडून आणलेला सोळा खाचांचा पाना वाटीवर ठेवला तर तो गरगर फिरला. वाटीचा घेर लहान, पाना जुन्या मोठ्या मापाचा. दुकानानं चुकीचा माल दिला असं म्हणून मी फोन उचलणार, एवढ्यात बाबांनी कचऱ्याच्या टोपलीतून एक काळी प्लास्टिकची कडी उचलून दाखवली. "ही कशाची?" ती पॅकिंग समजून मीच टाकली होती. लहान वाटीवर मोठा पाना चालावा म्हणून बॉटम ब्रॅकेटच्या खोक्यातच दिलेला अ‍ॅडॅप्टर होता तो. तो वाटीवर बसवला, पाना चपखल बसला. ६८ च्या रोड फ्रेमला मध्ये स्पेसर लागत नाहीत, तेव्हा ती भानगड नव्हती.

वाट्या ३५ ते ५० न्यूटन मीटरनं आवळायच्या. टॉर्क रेंच ४० वर लावला, दोन्हीकडे 'कट' आवाज आला. बाबांना तो आवाज फार आवडला. त्यांनी तीच वाटी पुन्हा एकदा स्वतः आवळून 'कट' ऐकला.

नंतर क्रँक. साखळी आधी अ‍ॅक्सलभोवती येईल अशी लटकवून ठेवायची (मी पहिल्यांदा विसरलो, पुन्हा काढला), अ‍ॅक्सलला ग्रीस, आणि साखळीच्या बाजूनं आत सरकवायचा. शेवटचा सेंटिमीटर तो अडतो, तेव्हा रबरी हातोडीनं दोन-तीन हलके ठोके. हा एकच टप्पा बाबांच्या काळातला होता. त्यांच्या सायकलीचा क्रँक अ‍ॅक्सलवर कॉटर पिन ठोकून अडकवलेला असे, आणि पिन नीट बसली की ठोक्याचा आवाज बदलतो, असं ते सांगतात. डावा क्रँक मात्र ठोकायचा नसतो. त्याच्या आतल्या खाचांमध्ये दोन रुंद आहेत, त्यामुळे तो चुकीच्या कोनात बसूच शकत नाही.

माझी खरी चूक इथे झाली. डाव्या क्रँकवर एक प्लास्टिकची टोपी असते. मला वाटलं, क्रँक तीच धरून ठेवते. दणकून आवळली. मग क्रँकवरचे दोन बोल्ट आवळले, पॅडलला झोका दिला, तर क्रँक अर्धा फेरा जाऊन थांबला. बाबा म्हणाले, "जात्यासारखं फिरतंय."

ती टोपी काहीच धरून ठेवत नाही. अ‍ॅक्सलची आडवी ढिलाई काढणं एवढंच तिचं काम. तिला ०.७ ते १.५ न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे दोन बोटांचा जोर. तोही बोल्ट सैल असताना. मी बेअरिंग दोन्हीकडून चेपून टाकली होती. सगळं सैल केलं, टोपी बोटांनी फिरवली, खेळ संपला तिथे थांबलो. मग त्या दोन बोल्टांच्या फटीतली छोटी प्लास्टिकची पट्टी तिच्या पिनेसकट अ‍ॅक्सलच्या भोकात दाबली आणि बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत आवळले. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की पहिला पुन्हा सैल पडतो. मी तपासून पाहिलं, पडतो. बाबांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या हिशोबात घट्ट म्हणजे घट्ट. एकाच कामात ४०, १४ आणि एक असे तीन प्रकारचे घट्ट असतात, हे त्यांना पटलं नाही. टोपीवरून ते अजूनही हात फिरवून खात्री करतात.

मोठं चक्र तीन दात्यांनी लहान झालं, म्हणजे त्याची त्रिज्या साधारण सहा मिलिमीटर कमी झाली. तेवढाच पुढचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, खाली घ्यावा लागला, त्याचा पिंजरा आणि दाते यांच्यात दीड-दोन मिलिमीटर राहतील इतका. केबल सोडून पुन्हा ओढली. साखळीच्या दोन कड्या कमी केल्या. त्यात फार सांगण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी गडावर निघालो. आता एका फेऱ्याला सायकल २ मीटर ८५ सेंटिमीटरच जाणार होती, आणि चढावर तो फरक पहिल्या वळणातच कळला. गुडघे गप्प होते. पण अर्ध्या वाटेत टिक, टिक, टिक सुरू झालं. दर फेऱ्याला एकदा. पॅडल थांबवलं की थांबायचं. बॉटम ब्रॅकेट गेला, आटे गेले, फ्रेम गेली, असं सगळं मनात येऊन गेलं. वाटेत थांबून डावा क्रँक हलवून पाहिला, उजवा पाहिला. कुठेच खेळ नव्हता.

मग वाकून, क्रँक हातानं सावकाश फिरवला. डिरेलरची केबल ओढल्यामुळे तिचं टोक आता दोन बोटं जास्त बाहेर आलं होतं आणि दर फेऱ्याला क्रँकच्या पाठीवर टिचकी मारत होतं. मी ते बोटानं आत वाकवलं आणि पुन्हा पॅडलवर पाय ठेवला.