‘रोड’ लावलेली स्टेशनं

कोयना एक्सप्रेस साताऱ्याला थांबते तेव्हा खिडकीतून सातारा शोधू नका. दिसतात ती माहुलीकडची शेतं. अजिंक्यताऱ्याखालचं शहर तिथून पाचसहा किलोमीटर लांब. कऱ्हाडलाही तेच, गाव कृष्णेच्या अलीकडे आणि स्टेशन पलीकडे. वाठारला तर मूळ गावापासून वेगळं ओळखू यावं म्हणून वस्तीचं नावच ‘वाठार स्टेशन’ पडलं; महाबळेश्वरला जाणारे पूर्वी इथं उतरून टांग्यानं वर जात. आणि जिथं गावाचं नाव सांगून गावच नसतं, तिथं पाटीवर ‘रोड’ येतं: सातारा रोड, जत रोड, पूर्वीचं कुंडल रोड.

पुणे ते मिरज हा प्रवास मी दिवसाउजेडी करतो तो या पाट्यांसाठीच. आपल्या भागात रेल्वेनं जे बदललं ते जुन्या पेठांपेक्षा या आडरानातल्या फलाटांभोवती जास्त बदललं, असं माझं ठाम मत आहे.

स्टेशनं इतकी लांब का, याचं उत्तर चढात आहे. सपाट रुळावर एक टन वजन ओढायला तीन-चार किलोचा जोर पुरतो. शंभर मीटरला एक मीटर चढ आला की टनामागे आणखी दहा किलो लागतात, म्हणजे ओढ एकदम तिप्पट-चौपट. वाफेच्या इंजिनाला तेवढ्यासाठी निम्म्याहून जास्त डबे सोडावे लागतात. म्हणून रस्ता खंबाटकीचा घाट चढून सरळ येतो, आणि रेल्वे मात्र नीरा, लोणंद करत आदर्कीच्या घाटातून वळसे घेत वाठारला पोचते. पुढे कृष्णेच्या पूर्वेकडूनच खाली गेल्यामुळे सातारा, कऱ्हाडसाठी नदीवर पूल बांधायची वेळ आली नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर रेल्वे हवी होती ती धान्य आत आणायला, आणि १८८२ ची सदर्न मराठा रेल्वे जन्मली ती त्याच गरजेतून. खर्च वाचवणं भाग होतं. गावांनी मग स्टेशनापर्यंत चालत यायचं.

पण गावापासून लांब म्हणजे जमीन मोकळी. किर्लोस्करवाडीच्या फलाटावर उतरून कारखान्याकडे पाहिलं की हे लगेच कळतं. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला, निवडुंगानं आणि सापांनी भरलेला. साल १९१०. शेतीच्या दृष्टीनं कवडीमोलाचा माळ, पण नांगराच्या कारखान्याला तोच हवा होता. ओतकामाला बिडाचा कच्चा माल आणि कोक लागतो, दोन्ही टनांच्या हिशेबात आणि दोन्ही दूरवरून येणारे. बैलगाडीत जेमतेम टनभर माल बसतो, आणि पावसाळ्यात काळ्या रानात चाक आसापर्यंत रुतलं की तोही नाही. वॅगन दाराशी आली म्हणून भट्टी पेटली. तयार नांगर त्याच वॅगनांतून बाहेर गेले. शेवटी स्टेशनानंच ‘रोड’ टाकून कारखान्याचं नाव घेतलं.

कऱ्हाड स्टेशनाजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्याचं गणित याहून नाजूक. कंदिलाची काच करायला भट्टी अखंड तापलेली ठेवावी लागते. कोळसा संपून भट्टी गार झाली तर आतला रस गोठतो आणि भट्टीच वाया जाऊ शकते. म्हणजे कोळशाचा पुरवठा एक आठवडासुद्धा चुकून चालत नाही. शिवाय पेंढ्यात बांधलेली काच खडबडीत गाडीवाटेनं लांब न्यायची म्हटलं तर निम्मी फुटून पोचायची. इथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला, त्यात कऱ्हाडच्या स्टेशनाचा वाटा मोठा. सातारा रोडला कूपरचा कारखाना उभा राहिला तोही असाच रुळांच्या कडेला.

रुळांवरून सरकारचा पैसाही जायचा. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली ती म्हणूनच. कुंडल हे तर या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारचं, घरच.

मिरजेहून पूर्वेकडे, कवठेमहांकाळ-जतच्या दुष्काळी पट्ट्यात रेल्वे उशिरा आली आणि आली ती अरुंद. बार्शी लाइट रेल्वेचा पंढरपूर–मिरज फाटा १९२७ चा, रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. या रेल्वेची आखणी कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरची. त्याचा नियम एकच: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. त्यामुळे यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला १५ किलोचे हलके रूळ चालले. आज मेन लाइनवर मीटरला ६० किलोचे असतात. स्वस्तात लाइन झाली, पण चार आसांची वॅगन स्वतःच्या वजनासकट वीस टनांवर जाऊ शकत नव्हती. दुसरी अडचण मिरजेच्या यार्डात. १९७१ च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज आलं, बेळगावकडे मीटरगेज राहिलं, पंढरपूरकडे नॅरोगेज; रुळांची रुंदी तीन प्रकारची, म्हणून एकीची वॅगन दुसरीवर चालायची नाही. पोतं न पोतं हमालांच्या पाठीवरून एका वॅगनमधून दुसरीत. आकड्यानं पोती फाटायची, सांडलेला माल कुणाचा यावर वाद व्हायचे आणि पावसात गुळाचे रवे पाघळायचे.

ही लाइन ब्रॉडगेज झाल्याचं मोल २०१६ च्या एप्रिलात दिसलं. ११ तारखेला मिरजेहून पाण्याच्या दहा टँकर-वॅगन सुटल्या, प्रत्येकीत साधारण ५०,००० लिटर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचल्या. नंतरच्या गाड्या ५० वॅगनांच्या. एका वॅगनमध्ये ५० टन पाणी, तेही मधे कुठं न उपसता. जुन्या रुळांवर पाण्याची तेवढीच एक वॅगन न्यायला चार डबे लागले असते.

जत रोडला उतरलात तर मात्र अजूनही जत दिसणार नाही. पुढच्या वाहनाची सोय आधी फोनवर करून ठेवा. गाडीची आणि बसची वेळ जुळेल या भरवशावर राहू नका. फलाटाबाहेर एखादी वडापची जीप मिळालीच, तर ती सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि गाडीतून उतरणारी माणसं बहुतेक वेळा तेवढी नसतात.