म्हाका तोच मेळटलो

२ नोव्हेंबर, म्हापसा

जुनं वस्त्र टाकून माणूस नवं नेसतो तसा आत्मा देह बदलतो, हे लहानपणापासून ऐकत आले. आई गेली तेव्हाही घरात गीतेचा दुसरा अध्याय वाचला होता आणि त्या श्लोकाने मला खरोखर धीर दिला होता. आज शेजारच्या आंटी जे बोलल्या, त्यापासून मन त्या टाकलेल्या वस्त्रापाशीच घुटमळतंय.

आज ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आंटींचे गुडघे धरतात, म्हणून त्यांना घेऊन मी सिमितेरीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, गेले. पावसाळ्यात माजलेलं गवत काढून झालं होतं, भिंतींना चुना लागला होता, जिथे तिथे शेवंती आणि मेणबत्त्या. पाद्री पवित्र पाणी शिंपडत रांगांमधून फिरत होते. अंकल तारवटी होते, उभा जन्म जहाजावर गेला. त्यांना पुरलं ती जागा आता दुसऱ्या कुणाची आहे. आपल्याकडे सिमितेरींत जागा अपुरी, त्यामुळे काही वर्षांनी थडगं उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच माती पुढच्याला मिळते. कोनाड्यावर वीतभर संगमरवरी पाटी, तिच्या कोरलेल्या अक्षरांत जुनं मेण साचून काळं पडलेलं. आंटी काडेपेटीतल्या काडीने ते एकेका अक्षरातून उकरत होत्या. काडी मोडली की दुसरी काढायच्या, मग रुमालाचं टोक ओलं करून पुसायच्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "नाका गो बाय." अंकल आता कुठे असतील असं वाटतं, मी विचारलं. काडी थांबली नाही. "देवा लागीं आसा. आनी म्हाका तोच मेळटलो, दुसरो कोण न्हय." देवापाशी आहे, आणि मला तोच भेटेल, दुसरा कुणी नाही.

घरी येऊन बायबलचा नवा करार काढून बसले. पूर्वी वाचला होता तो शाळेच्या पुस्तकासारखा. ख्रिस्ती माणसं मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो असं मानतात, एवढंच आपण धरून चालतो. त्यांच्या श्रद्धेचा तो निम्माच भाग आहे. दर रविवारी म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या विश्वासांगीकारात मृतांच्या पुनरुत्थानाची आशा स्पष्ट सांगितलेली आहे. शेवटच्या दिवशी देहासकट उठायचं! येशूचा प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हा तिथले विद्वान त्याचं सगळं ऐकून घेत होते, पण मेलेल्यांच्या उठण्याची गोष्ट निघाली तेव्हा काहीजण हसले. आत्मा अमर आहे हे मानणारे ग्रीकांत पुष्कळ होते, पण देहाचं हे त्यांच्या पचनी पडेना. मला त्या हसणाऱ्यांचं नवल वाटत नाही. मीही त्यांच्यातच बसले असते.

पण मग लूकच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचला. उठलेला येशू शिष्यांसमोर येतो, ते भूत समजून घाबरतात, आणि तो विचारतो, तुमच्याकडे खायला काही आहे का? ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तर तोच किनाऱ्यावर निखारे पेटवून मासा भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अनंतकाळ म्हणजे नुसता धूप नि प्रकाश असं मी समजत होते. इथे मासा आहे, भूक आहे, ओळखीचा आवाज आहे.

आणि जखमा आहेत. त्याच्या उठण्यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला तो हातातले खिळ्यांचे व्रण दाखवतो. मरणावर मात करून आला, तरी व्रण पुसून आला नाही. ऑगस्टीन या ख्रिस्ती संताने पाचव्या शतकात लिहिलंय की हुतात्म्यांच्या देहावरच्या खुणा कदाचित स्वर्गातही दिसतील, आणि त्या व्यंग नसतील, शोभा असतील. अंकलच्या उजव्या हाताची दोन बोटं जहाजावर दोरखंडात सापडून गेली होती. त्या हाताने ते नाताळात आम्हा मुलांना दोदोल वाटायचे. आंटींना भेटेल तो हात कसा असेल, हा प्रश्न आज मला पोरकट वाटत नाही.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमधल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघेन. फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, आणि आजही दर दहा वर्षांनी त्यांच्या अवशेषांच्या दर्शनाला लोटणारी गर्दी (२०२४च्या नोव्हेंबरात सुरू झालेली रांग मी पाहिलीय) मला नेहमी कुतूहलाचा विषय वाटायची. ज्या श्रद्धेत देह परत लागणार आहे, ती तो जपणारच. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला परवानगी दिली, पण राख उधळू नये, घरातही ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी, असं व्हॅटिकनने २०१६ साली पुन्हा बजावलं. आम्ही आईच्या अस्थी नदीत सोडल्या तेव्हा मागे वळून पाहायचं नाही असं सांगितलं होतं. मी पाहिलं नाही.

अनंतकाळ ही कल्पना मला कायम भीतीदायक वाटत आलीय. संपणारच नाही असं काहीही, सुखसुद्धा, कसं सोसायचं? याला बोएथियस या रोमी विचारवंताचं उत्तर मला मिळालं. सहाव्या शतकात, तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहताना त्याने लिहिलं की अनंतकाळ म्हणजे लांबतच जाणारा काळ नव्हे. अमर्याद जीवन सगळंच्या सगळं, एकाच वेळी, पूर्णपणे हाती असणं म्हणजे अनंतकाळ. आपल्याला ते कधीच असं मिळत नाही, कालचं निसटलेलं असतं आणि उद्याचं आलेलं नसतं. हे वाचून माझी भीती बरीच उतरली.

स्वर्गात जाण्याआधी मृतांचे आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धीस्थळाचा, म्हणजे आंटींच्या पुर्गातोरचा, विचार मला परका वाटत नाही. आपण महालयात जे करतो त्यामागची माया तीच: गेलेल्यांसाठी अजून काही करता येतं. अकराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपती ओदिलोने हा २ नोव्हेंबर मृतांसाठीच्या प्रार्थनेला ठरवला आणि तो सगळीकडे पसरला. प्रोटेस्टंट मंडळी शुद्धीस्थळ मानत नाहीत.

नरकाचं मात्र मला मान्य होत नाही, हे इथे लिहूनच ठेवते. याच गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, १८१२ पर्यंत राहिलं, आणि आत्मे वाचवण्याच्या नावाखाली जिवंत माणसांचे हाल झाले. कायमच्या शिक्षेची भीती माणसाच्या हातात दिली की तो तिचं काय करतो ते आपल्या मातीने पाहिलंय. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं की आपला दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशीही विचारलं जातं ते एवढंच: भुकेल्याला जेवू घातलंस का, तहानेल्याला पाणी दिलंस का, आजाऱ्याची विचारपूस केलीस का. या कसोटीला आई पुरून उरेल. तिने दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही.

योहानाच्या अकराव्या अध्यायातली मार्था आज सगळ्यात जवळची वाटली. भाऊ लाजर मरून चार दिवस झालेत. येशू म्हणतो, तुझा भाऊ पुन्हा उठेल. ती म्हणते, शेवटच्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. म्हणजे धर्म तिला पाठ आहे, पण तिला भाऊ हवाय. तेव्हा तो म्हणतो, "मीच पुनरुत्थान व जीवन आहे." आणि थोड्याच वेळात, लाजर आता बाहेर येणार हे माहीत असूनही, तो रडतो. का रडला असेल? मला वाटतं, मरण त्यालाही साधं वाटलं नाही. तेवढ्यासाठी मी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार आहे.

गीतेवरचा माझा विश्वास गेलेला नाही. आई आज कुठे तरी कुणाचं तरी तान्हं बाळ असेल, हा विचार मी वर्षानुवर्षं मायेने सांभाळलाय. पण त्या बाळाला मी आठवणार नाही, आणि मला ती तीच हवी आहे, कपाळावरच्या कांजिण्यांच्या खड्ड्यासकट. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते मला जमत नाहीये. रविवारी मिसेवरून आल्या की आंटींकडे बसेन आणि मार्थेचं विचारेन.