भावाचे कॉलर बोन आणि प्लेटचा निर्णय

गेल्या वर्षी जुलैमध्ये, डवरणी ऐन भरात असताना, माझा धाकटा भाऊ दारव्ह्याहून परतताना चिखलात गाडी घसरून डाव्या खांद्यावर आपटला. असा मार कॉलर बोनवर, म्हणजे शास्त्रीय मराठीत जत्रुकावर येतो आणि ते हाड बहुधा मधल्या, बारीक भागातच मोडते.

जवळच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे पाहून लगेच सांगण्यात आले, "उद्या सकाळीच प्लेट टाकू, नाहीतर हात कायमचा जाईल." आईने तिथेच भिंतीचा आधार घेतला. त्या वाक्याबद्दल माझ्या मनात अजूनही राग आहे, कारण त्याच्या दुखापतीपुरते ते खरे नव्हते आणि घाबरलेल्या माणसाकडून अशा वेळी कोणत्याही कागदावर सही घेता येते.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला ज्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले, त्यांनी फिल्म पाहण्याआधी भावाच्या मनगटाची नाडी पाहिली, बोटांना स्पर्श कळतो का ते विचारले आणि हाडाच्या टोकाने कातडी ताणून पांढरी पडली आहे का, ते बोटाने दाबून तपासले. हाड बाहेर आले असेल, कातडी धोक्यात असेल किंवा खालची रक्तवाहिनी दुखावली असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. यातले काहीच नव्हते. तुकडे एकमेकांवर चढले होते, पण जेमतेम एक सेंटीमीटर.

"साहेब, हात कामाचा राहीन ना?" आईने विचारले. राहील, असे त्यांनी सांगितले. मात्र दोन्ही बाजू मांडल्याशिवाय त्यांनी निर्णय आमच्यावर टाकला नाही. १९६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या २,२३५ रुग्णांपैकी केवळ ३ जणांचे हाड जुळले नव्हते, आणि पुढे कित्येक वर्षे झोळी, म्हणजे हात गळ्यात अडकवून ठेवणे, हाच सर्वमान्य उपचार राहिला. २००७ मध्ये कॅनडातील चाचणीने वेगळे चित्र दाखवले: सरकलेले हाड झोळीत ठेवलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचे जुळले नाही, तर प्लेट टाकलेल्या ६२ पैकी २ जणांचे, जुळायला लागलेला वेळही सरासरी २८ आठवड्यांवरून १६ आठवड्यांवर आला. नंतरच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर वर्षभरानंतर खांद्याच्या कामात दोन्ही गटांत फार मोठा फरक उरत नाही. म्हणजे प्लेटमुळे हाड न जुळण्याची भीती घटते, पण जखमेत जंतुसंसर्ग, व्रणाखाली बधिरपणा आणि प्लेट टोचू लागल्यास ती काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया, हे धोके तिच्यासोबत येतात.

मग त्यांनी विचारले, "पाठीवर फवारणीचा पंप घेतोस का? पट्टा नेमका इथेच येतो." कातडीखाली लगेच धातू आणि त्यावर भरलेल्या पंपाचे ओझे, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. शेतकऱ्याच्या खांद्याचा विचार असा त्याच्या कामावरून व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आम्ही झोळी निवडली. शेजारच्यांनी पाठीवरून आवळून बांधायचा आठच्या आकाराचा पट्टा सुचवला होता. पण डेन्मार्कमध्ये १९८७ साली झालेल्या तुलनेत साध्या झोळीचा त्रास कमी आणि परिणाम तोच आढळला होता. हाडवैद्याच्या लेपाला आईने स्वतःच नकार दिला. बिडी भाऊ ओढत नाही, तरी खर्रा बंद करायला लावला, कारण तंबाखू हाड जुळण्याच्या आड येते. कोपर आणि बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची होती. पहिले दोन आठवडे तो उताणा झोपू शकत नव्हता, उशा रचून बसल्या बसल्या डुलक्या घेत असे. सहाव्या आठवड्यात झोळी सुटली. ओझे मात्र तीन महिने बंद होते आणि त्या हंगामातील फवारणी मजुरांकडून करून घ्यावी लागली. तो खर्च आम्हाला जड गेला.

हाड जुळले. जुळलेल्या जागी बोराएवढी गाठ दिसते, पण हात पूर्ण वर जातो. यंदा त्याने पुन्हा पंप पाठीवर घेतला आहे. गाठीवर पट्टा रुतू नये म्हणून आईने त्याला जुन्या लुगड्याची चार पदरी घडी शिवून दिली आहे.